मार्चचं बिल, मेमधले पैसे

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर. सातपूर कॉलनीत राहतो. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, आता घरूनच जिग-फिक्स्चरची (मशीनवर काम पकडून धरणाऱ्या साधनांची) ड्रॉइंग करून देतो. २०२५-२६ मध्ये ड्रॉइंगची १४ लाख ६० हजारांची बिलं झाली. शिवाय अंबडच्या एका वर्कशॉपकडून काही फिक्स्चर बनवून घेतली आणि विकली, ती बिलं ६ लाख २० हजारांची. त्यात वर्कशॉपची मजुरी ३ लाख १० हजार, माल १ लाख ६५ हजार, टेम्पो १५ हजार. मजुरीतले लाखभर रोख दिले, एका वेळी वीस-पंचवीस हजार. बँकेचं व्याज २२ हजार. २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात) ८८,६०० टीडीएस दिसतो. ड्रॉइंगवर एक कंपनी १० टक्के कापते, दुसरी २, आणि फिक्स्चरच्या बिलांवर १. २७ मार्चला एका कंपनीला १ लाख ८० हजारांचं बिल दिलं, त्याचे १ लाख ६२ हजार ६ मे रोजी आले. ते कोणत्या वर्षात धरू? मित्र म्हणतो, निम्मं उत्पन्न दाखव, हिशोब लिहायचा नाही. जीएसटीही नको, सेवेला २० लाख आणि मालाला ४० लाख मर्यादा आहे, तू दोन्हींच्या आत आहेस. सगळं एकाच बचत खात्यातून चालतं, घराचा हप्ताही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : नमस्कार. तुम्हाला काळजी प्राप्तिकराची आहे, पण तो तुमचा यंदा शून्य येणार आहे. तातडीचं काम जीएसटीचं आहे, आणि तिथेच मित्राने तुम्हाला चुकीचं सांगितलंय.

४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला मिळते. ज्याची सेवाही चालते त्याला महाराष्ट्रात एकच मर्यादा : माल आणि सेवा मिळून २० लाख. दोन वेगळ्या डब्यांत पैसे ठेवल्यासारखी ती मोजायची नसते. तुमची बेरीज १४,६०,००० अधिक ६,२०,०००, म्हणजे २०,८०,०००. ही बेरीज बिलांची असते, बँकेत आलेल्या पैशांची नव्हे. १ एप्रिलपासून बिलं तारखेने लावून चढती बेरीज करत या. २७ मार्चचं बिल तुमचं वर्षातलं शेवटचं असेल, तर आदल्या दिवशीपर्यंत तुम्ही १९ लाखांवर होता आणि त्या एका बिलाने मर्यादा ओलांडली. पैसे मेमध्ये आले याने काही बदलत नाही. त्या दिवसापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, ते ३० दिवस २६ एप्रिलला संपले.

आणखी एक गोष्ट तपासा. फिक्स्चर सिन्नरला गेलं, चाकणला गेलं, हरकत नाही. पण एखादं जरी वापीला किंवा सिल्वासाला विकलं असेल, तर राज्याबाहेर माल विकणाऱ्याला मर्यादाच लागू नाही, पहिल्या बिलापासून नोंदणी सक्तीची. ड्रॉइंग ही सेवा आहे, ती राज्याबाहेर पाठवली तरी २० लाखांची सवलत टिकते.

म्हणून याच आठवड्यात अर्ज करा. पॅन, आधार, फोटो, घराचं वीजबिल. घर भाड्याचं असेल तर भाडेकरार, वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र. सेवेचा कोड ९९८३, फिक्स्चरचा ८४६६, दोन्हींवर १८ टक्के. नोंदणीकृत ग्राहकांना लावलेला कर महिन्याला अडीच लाखांच्या आत असेल तर १ नोव्हेंबर २०२५ पासून सोपी वाट आहे, आधार पडताळणी नीट झाली की तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर मिळतो. तुम्ही त्या मर्यादेच्या खूपच आत आहात. नंबर हातात येईपर्यंत बिलात जीएसटीचा एक रुपयाही लावू नका, नोंदणीशिवाय कर गोळा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ड्रॉइंग देऊन झालंय पण बिल निघालेलं नाही अशी कामं असतील तर सेवेचं बिल काढायला ३० दिवस मिळतात, तेवढे थांबा. मर्यादा ओलांडल्यापासून जी बिलं जीएसटीशिवाय देऊन टाकलीत त्यांची यादी करा आणि ती घेऊन एकदाच सीएकडे बसा. तो कर आणि त्यावरचं १८ टक्के दराचं व्याज बहुधा तुमच्याच खिशातून जाईल. हे पैसे वाचवण्याची युक्ती शोधू नका. स्वतःहून भरणारा आणि नोटीस आल्यावर भरणारा यांच्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते. एवढ्या एका कामासाठी सीएची फी वसूल आहे.

तुमचे ग्राहक कंपन्या आहेत, त्यांना तुमच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर त्यांच्या करातून वजा होतो, त्यामुळे त्या कुरकुरणार नाहीत. कुरकुरतील ते तुमचं बिल त्यांच्या जीएसटीआर-२बीमध्ये (मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) दिसलं नाही तर. मग अकाउंट्समधून फोन येतो आणि पेमेंटमधले १८ टक्के अडकतात. तिमाही विवरणपत्राची पद्धत घेतलीत तरी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ या सोयीतून चढवा, कर २५ पर्यंत भरा. तिमाही संपल्यावर जीएसटीआर-१ ची (बिलांच्या विवरणपत्राची) तारीख १३ आणि महाराष्ट्रात ३बीची (कराच्या विवरणपत्राची) २२.

आता प्राप्तिकर. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर अधिनियम लागू झालाय आणि कलमांचे आकडे बदललेत, पण तुम्ही भरताय ते २०२५-२६ चं विवरणपत्र जुन्या १९६१ च्या कायद्याचं. म्हणून खाली जुनेच आकडे आहेत.

अभियांत्रिकी हा कलम ४४एडीएच्या यादीतला पेशा आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल तर जमेच्या ५० टक्के उत्पन्न धरता येतं. १४,६०,००० चे निम्मे ७,३०,०००. मित्र इथवर बरोबर आहे. मात्र कलमात ‘५० टक्के किंवा प्रत्यक्षात मिळालेलं त्याहून जास्त’ असे शब्द आहेत. ७ लाख ३० हजार दाखवून त्याच वर्षी १० लाखांची ठेव केलीत तर प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर तुमच्याजवळ लागेल.

फिक्स्चरचं मात्र वेगळं. तो व्यापार आहे आणि व्यापाराला कलम ४४एडीचे ८ किंवा ६ टक्के (विक्रीच्या तेवढे टक्के नफा धरायचा) लावायचा मोह होतो. बरेच जण दोन्ही लावतात, पोर्टल अडवत नाही. पण ४४एडीतच लिहिलंय की यादीतला पेशा करणाऱ्या व्यक्तीला ते कलम लागू नाही. ‘त्या पेशाच्या उत्पन्नाला’ असं नाही, ‘त्या व्यक्तीला’ असं. आमचा सल्ला साधा आहे : हा धोका पत्करू नका. फिक्स्चरचा नफा प्रत्यक्ष हिशोबाने दाखवा. ६,२०,००० वजा ४,९०,०००, नफा १,३०,०००. म्हणजे अंदाजे उत्पन्नाचा आयटीआर-४ फॉर्म नाही, आयटीआर-३ भरायचा. उलाढाल २५ लाखांच्या आणि नफा अडीच लाखांच्या आत असल्याने फिक्स्चरसाठी संपूर्ण ताळेबंद लागत नाही. पुस्तकं न ठेवणाऱ्यांसाठीचा रकाना असतो, त्यात विक्री, ढोबळ नफा, खर्च, निव्वळ नफा, आणि ३१ मार्चचे चार आकडे : येणे, देणे, साठा, हातातली रोख. हे चार आकडे जुलैमध्ये आठवून लिहिता येत नाहीत. हिशोब नको म्हणणारे इथे येऊन गोल आकडे टाकतात, येणे शून्य, साठा शून्य, आणि पुढच्या वर्षी तेच आकडे त्यांच्याशी भांडतात.

दोन कामं एका माणसाची असली की एक चूक हमखास होते : लॅपटॉप, कॅड सॉफ्टवेअरचं भाडं, इंटरनेट, पेट्रोल हे सगळं फिक्स्चरच्या खर्चात घालायचं, म्हणजे तो नफा नाहीसा होतो. ड्रॉइंगचे ५० टक्के जे सोडले, त्यात हा खर्च आणि घसाराही धरूनच टाकलाय. पुन्हा मागता येत नाही. फिक्स्चरच्या नावावर फक्त फिक्स्चरचं : बेस प्लेट, ईएन-८ पोलादाचे तुकडे, डॉवेल पिन, टॉगल क्लॅम्प, मजुरी, टेम्पो.

मजुरीच्या रोखीबद्दल. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो सगळा खर्च नामंजूर होतो, वरचा भाग नव्हे, पूर्ण. तुमचे लाखभर गेले तर फिक्स्चरचा नफा २,३०,००० होतो. यंदा त्याने फरक पडत नाही, तो कसा ते पुढच्या बेरजेत पाहा. पण इथून पुढे वर्कशॉपवाल्याला यूपीआयने द्या, आणि त्याच्याकडून बिल घ्या. तो नोंदणीकृत असेल तर त्याच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट आता तुम्हालाही मिळेल, मग रोखीत मिळणारी ‘थोडी सूट’ महागच पडते. त्याचा टीडीएस मात्र तुम्हाला कापायचा नाही. आदल्या वर्षी व्यापार १ कोटी आणि पेशा ५० लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीवर ती जबाबदारी येत नाही.

बेरीज : ७,३०,००० अधिक १,३०,००० अधिक व्याज २२,०००, एकूण ८,८२,०००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत शून्य, ८ लाखांपर्यंत ५ टक्के म्हणजे २०,०००, वरच्या ८२,००० वर १० टक्के म्हणजे ८,२००. झाला २८,२००. उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७एची सवलत हा सगळा कर पुसून टाकते. नामंजूर लाख मिळवले तरी ९,८२,००० होतात आणि उत्तर शून्यच. म्हणून ८८,६०० चा टीडीएस पूर्ण परत. घराच्या हप्त्याची आणि विम्याची वजावट जुन्या पद्धतीत मिळते म्हणून तिकडे जाऊ नका, कर शून्याच्या खाली जात नाही. आगाऊ कराचा विषयही यंदा नाही. पुढच्या वर्षी एकूण उत्पन्न १२ लाख ओलांडेल असं डिसेंबरमध्ये वाटलं तर तेव्हा बसून आकडा काढा.

आता मार्चचं बिल. बिलाच्या तारखेने उत्पन्न धरायचं किंवा पैसे आल्याच्या तारखेने, दोन्ही पद्धती कायद्याला चालतात. एकाच वर्षात दोन्ही मिसळणं आणि दर वर्षी सोयीने बदलणं चालत नाही. तुमच्यासाठी बिलाची तारीख बरी. जीएसटी बिलावरच चालणार, आणि कंपनीने १८,००० चा टीडीएस मार्चमध्येच कापून २६एएसमध्ये याच वर्षात दाखवलाय. म्हणून १,८०,००० हे २०२५-२६ मध्ये, १८,००० चं क्रेडिटही त्याच वर्षात, आणि ३१ मार्चच्या ‘येणे’ या आकड्यात १,६२,०००. मेमध्ये बँकेत आलेले १,६२,००० हे नवं उत्पन्न नव्हे, जुनी उधारी वसूल झाली एवढंच. पुढच्या वर्षी बँकेच्या पासबुकावरून बेरीज मारलीत तर हीच रक्कम दुसऱ्यांदा धरली जाईल. (पैसे आल्याच्या तारखेने जायचं असतं तर टीडीएसही सोबत पुढे ओढावा लागला असता, उत्पन्न पुढच्या वर्षी आणि क्रेडिट यंदा, असं विभाग मान्य करत नाही.)

याच एका ओळीत दुसरी नेहमीची चूक लपलेली आहे. उत्पन्न १,६२,००० नाही, १,८०,००० आहे. बँकेत आलेले आकडे मोजणारा प्रत्येक बिलामागे टीडीएसएवढं उत्पन्न कमी दाखवतो आणि तोच टीडीएस परतही मागतो. विभागाच्या संगणकाला हे पकडायला एक क्षण लागतो.

यासाठी एक तक्ता पुरे, एक्सेलमध्ये करा नाहीतर वहीत. रकाने असे : बिल क्रमांक, तारीख, कंपनी, ड्रॉइंग की फिक्स्चर, मूळ रक्कम, जीएसटी, टीडीएस, यायची रक्कम, आल्याची तारीख, आलेली रक्कम, २६एएसमध्ये दिसला का. नोंदणीनंतरची एक ओळ कशी दिसेल पाहा : मूळ १,००,०००, जीएसटी १८,०००, टीडीएस मूळ रकमेवरच १० टक्के म्हणजे १०,०००, यायचे १,०८,०००. कंपनीने १,१८,००० वर टीडीएस कापून १,०६,२०० पाठवले तर त्याच दिवशी कळतं. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नसतो, हे अकाउंट्सला लगेच सांगितलं तर दुरुस्त होतं. मार्चनंतर सांगितलं तर त्यांना टीडीएसचं विवरणपत्र सुधारावं लागतं आणि मग तुमचा फोन कोणी उचलत नाही.

बिल क्रमांक १ एप्रिलपासून नव्याने, सलग, एकही न गाळता. रद्द झालेलं बिलही ‘रद्द’ लिहून जपायचं. मेन रोडवरून आणलेलं छापील बिलबुक आणि वर्डमधली बिलं असे दोन क्रम एकाच वेळी चालवू नका. पेट्रोलपंपाच्या आणि हार्डवेअरच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या सहा महिन्यांत कोऱ्या होतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका.

खातं वेगळं करा, हे तर आधीच व्हायला हवं होतं. नवं खातं चालू खातं असेल तर उत्तम. नियम दोनच : ग्राहकांचे पैसे फक्त तिथे येणार, आणि घरखर्चासाठी महिन्यातून एकदाच ठरलेली रक्कम जुन्या खात्यात वळवायची. घराचा हप्ता जुन्याच खात्यातून जाऊ द्या, उगीच बँकेत हेलपाटे नकोत. जीएसटीचे जमा झालेले पैसे आपले समजून वापरले जातात आणि २२ तारखेला खातं रिकामं असतं. ते आले की लगेच बाजूला काढा.

१०, २ आणि १ टक्का यांतला फरक तुमची डोकेदुखी नाही. इंजिनिअरने केलेल्या ड्रॉइंगवर १० टक्के बरोबर, २ टक्केवाल्या कंपनीने ते तांत्रिक सेवेत धरलंय. जेवढा कापला तेवढ्याचं क्रेडिट. फक्त १९४जे या टीडीएसच्या कलमाखाली (पेशा आणि तांत्रिक सेवा) आलेली रक्कम फिक्स्चरच्या विक्रीत दाखवू नका, ती ड्रॉइंगमध्येच दिसली पाहिजे. छोट्या वर्कशॉपवाल्यांनी टीडीएस न कापता दिलेले पैसे २६एएसमध्ये दिसणार नाहीत, ते आपल्या तक्त्यावरून घ्यायचे.

विवरणपत्र भरण्याची घाई मेमध्ये करू नका. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरणपत्र भरायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत वेळ असतो, फॉर्म १६ए (टीडीएसचा दाखला) १५ जूनपर्यंत येतो. त्याआधी भरलंत तर मार्चचे १८,००० कदाचित दिसणारच नाहीत. जूनच्या उत्तरार्धात २६एएस पुन्हा काढा, प्रत्येक नोंदीसमोर स्थिती ‘एफ’ (फायनल) आहे ना ते पाहा, एआयएस (विभागाकडची तुमच्या व्यवहारांची यादी) आपल्या तक्त्याशी ताडा, आणि मग भरा. परताव्याचं खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्या. बँकेत ‘दि. प.’ अशी नुसती आद्याक्षरं आणि पॅनवर पूर्ण नाव असं असेल तर पडताळणी फसते आणि परतावा महिनोन् महिने अडकतो. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी. ती राहिली तर भरलेलं वेळेत भरलं असं धरलं जात नाही. गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात यातल्या कशासाठीही जावं लागत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत अशा दोन गोष्टी. नोकरीत असताना व्यवसाय कर कंपनी कापत होती. आता तो तुमचा तुम्ही भरायचा, पीटीईसी (स्वतःचा व्यवसाय कर स्वतः भरणाऱ्याची) नोंदणी करून वर्षाला २,५००, महाजीएसटीच्या पोर्टलवर, ३० जूनपर्यंत. काम सुरू केल्यापासूनचा थकलेला असेल तर व्याजासह. आणि उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) करा, ती फुकट आहे. पैसे मागणारा भेटला तर तो एजंट. तिचा क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर कंपनीला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ‘६० दिवस’ छापलेलं असलं तरी कायद्यापुढे ते ४५ च. तुमच्या मार्चच्या बिलाला ४० दिवस लागले. मार्चअखेरीस कंपनीचे ऑडिटर अशा बिलांची यादी मागतात, तेव्हा ज्यावर उद्यम क्रमांक आहे ते बिल बहुतेक आधी निघतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टलही आहे, पण ज्या ग्राहकाकडून पुढच्या महिन्यात पुन्हा काम हवंय त्याच्यावर ते लगेच वापरू नका. आधी बिलासोबत दोन ओळींची मेल पुरते.